फळीपलीकडचा चमचा

त्या कारखान्यात दुधाची पावडर तयार व्हायची, आणि डब्यात भरून बाहेर पडण्याआधी ती दोन माणसांच्या तोंडातून जायची. तशी यंत्रं होती, प्रयोगशाळा होती, पांढरे कोट घालून तोऱ्यात फिरणारी शिकलेली मंडळीही होती. पण पावडरला लागलेला खवट वास यंत्राला कळेपर्यंत आठवडा जायचा आणि माणसाच्या नाकाला तो पहिल्या घोटात कळायचा. म्हणून तिसऱ्या मजल्यावर एक चव-खोली होती. मधोमध लाकडाची उंच फळी, फळीच्या अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक. दोघांच्या पुढ्यात एकाच खेपेच्या पावडरचं कोमट दूध यायचं. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा, चिठ्ठीवर 'चांगली' किंवा 'खराब' लिहून चिठ्ठी पेटीत टाकायची. एकमेकांचं तोंड बघून मत बनू नये म्हणून फळी, आणि ऐकून बनू नये म्हणून बोलायची बंदी. दोन्ही चिठ्ठ्या 'चांगली' म्हणाल्या की खेप सुटली. चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर मॅनेजरबाई स्वतः जिना चढून वर यायच्या, आणि त्या वर आलेल्या कुणालाच आवडायच्या नाहीत.

अलीकडच्या खुर्चीवर बारकी बसायची. चण लहान म्हणून पहिल्याच दिवशी हे नाव पडलं आणि चाळिशी ओलांडली तरी चिकटून राहिलं. पलीकडे काका. सगळा कारखाना त्यांना नाकसाहेब म्हणायचा, काका म्हणायची फक्त बारकी. नाकसाहेबांच्या गोष्टी कँटीनमध्ये तिखटमीठ लावून सांगितल्या जायच्या. ते जिन्यात उभे राहून कुणी आज साबण बदलला ते सांगत. एकदा त्यांनी रबर जळतंय म्हणून अख्खं मशीन थांबवायला लावलं, सगळे फिदीफिदी हसले, आणि दुपारी आतल्या नळीचं वितळलेलं रबर हातात घेऊन मेकॅनिक गुपचूप वर आला.

बारकीला त्यांनीच घडवलं. केसांना तेल लावायचं नाही, साबण बिनवासाचा, सकाळी पोटात फक्त कोरडा पाव. सुरुवातीच्या दिवसांत तिला धीरच व्हायचा नाही. काका काय लिहितील याचा अंदाज बांधून ती तेच लिहून मोकळी व्हायची. काकांनी चार दिवसांत ओळखलं.

"माझं मत लिहायला मी आहे ना, बारके? तू तुझं लिही," ते म्हणाले. "नाहीतर फळी काढून टाकू आणि एकच खुर्ची ठेवू. जागा तरी मोकळी होईल."

ती ओशाळली, आणि त्या दिवसापासून तिने कधी अंदाजाने लिहिलं नाही.

मग चार वर्षांपूर्वी काका कारखान्याच्या ओल्या पायरीवरून पाठीमागे पडले. डोक्याला मागे सात टाके. तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि काकांनीही हात जोडून हसून दाखवलं. त्याच दिवशी हात धुवायच्या बेसिनपाशी ते बारकीला म्हणाले, "बारके, मला वास येत नाहीये."

"कसला?"

"कसलाच. आंबट, गोड, खारट एवढं कळतं. बाकी सगळं पाणी."

एवढं बोलून ते नळाकडे वळले आणि धुतलेले हात पुन्हा धूत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. बारकीने तोवर आपल्या बापालाही रडताना पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, कधीकधी दोन-तीन महिन्यांत वास परत येतो. मग दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे, असं तिने स्वतःला समजावलं आणि त्यांना उपाय सुचवला. सुचवला तिनेच, हे ती पुढे कधी विसरली नाही. दूध चाखून झालं की ती चमचा पेल्याच्या काठावर वाजवणार. एकदा टण म्हणजे चांगली, दोनदा म्हणजे खराब. चव-खोलीत बोलायला बंदी होती, चमच्याला कुठे होती?

दोन महिन्यांची चार वर्षं झाली. वास परत आला नाही. चिठ्ठ्या मात्र अशा जुळायच्या की मॅनेजरबाई बाहेरच्या पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, "आमच्या या दोघांचं कधी दुमत होत नाही." पाहुणे माना डोलवायचे. बारकी मान खाली घालायची.

"काकूंना तरी सांगा," ती अधूनमधून म्हणायची.

"तिला? तिच्याशी लग्न झालं ते या नाकावर. त्या दिवशी तिच्या घरी गेलो आणि दारातूनच सांगितलं, आत दूध उतू जाणार आहे, पळा. ती पळाली. अजून सांगते सगळ्यांना." काका हसायचे, पण ते हसू टिकायचं नाही. "घरी नको, बारके. इथे तू आहेस. घरी मी अजून पूर्वीचाच आहे, तेवढं राहू दे."

मग बारकीला सर्दी झाली.

चव-खोलीच्या दारात एक वही टांगलेली होती. नाक चोंदलं की वहीत लिहून दिवसभर खाली पॅकिंगला जायचं आणि वर बदली माणूस बसायचा. साधा सरळ नियम. बारकीने पेन उचललं सुद्धा. पण बदली माणूस बसला तर चमचा कोण वाजवणार? काका फळीपलीकडे एकटे पडणार, चिठ्ठ्या जुळणार नाहीत, बाई वर येणार. आदल्या संध्याकाळी आईने तिला दोनदा वाफ दिली होती. थोडं नाक मोकळं झालंय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं आणि पेन परत दोरीला लटकवलं. त्या दिवशीच्या खेपेचा घोट तिने तोंडात बराच वेळ घोळवला. काही वावगं लागलं नाही. लागणार कसं? तिने चमचा एकदा वाजवला. पलीकडे लगेच पेन्सिल चालली.

ती खेप खवट होती. तिचे डबे एका पाळणाघरात गेले, आणि तिथल्या अकरा तान्ह्या पोरांना तीन दिवस उलट्या झाल्या. दोघांना दवाखान्यात ठेवावं लागलं. आठवड्याभरात सगळी बरी होऊन घरी गेली, पण तो आठवडा बारकीने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. रात्री डोळ्याला डोळा नाही आणि घशाखाली घास नाही.

चौकशी लागली. दोघांच्याही चिठ्ठ्यांवर 'चांगली' लिहिलेलं, आणि त्यातली एक खुद्द नाकसाहेबांची. म्हणजे पावडर इथून चांगलीच निघाली, पुढे गोदामात कुणीतरी डबे उन्हात टाकले असणार. गोदामवाला एकच होता. त्याला गोगलगाय म्हणायचे, कारण त्याला वेळ विचारली तरी तो आधी घड्याळाकडे बघायचा, मग आभाळाकडे, मग विचारणाऱ्याकडे. कामात मात्र एका डब्याचा घोळ नाही. चौकशी संपेपर्यंत त्याला आत यायला बंदी झाली. तरी तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, जेवणाचा डबा घेऊन फाटकाबाहेर उभा राहायचा. घरी काय सांगत असेल कोण जाणे.

सहाव्या दिवशी त्याने बारकीला थांबवलं.

"ताई, मी खूप आठवून बघितलं," तो सावकाश म्हणाला. "मी डबे उन्हात ठेवले नव्हते. पण नाकसाहेब खोटं कशाला लिहितील? तुम्हीही तेच लिहिलंत. मग ठेवले असतील मीच. आता मला ते डबे उन्हात दिसायला लागलेत."

बारकीला तिथे उभं राहवेना. ती आत आली ती थेट मॅनेजरबाईंच्या खोलीत. त्या दिवशी मला सर्दी होती, मी वहीत लिहिलं नाही, चूक माझी आहे, असं तिने एका दमात सांगून टाकलं. निम्मं तर निम्मं, खरं सांगितलं की निम्म्यावर भागेल अशी तिला आशा होती. बाईंनी चष्मा काढला.

"हे चुकलंच तुमचं. त्याचं बघू नंतर. पण तुमचं नाक बंद असलं तरी त्यांचं तर बंद नव्हतं ना? त्यांनीही 'चांगली'च लिहिलंय."

निम्म्या खऱ्याने गोदामवाला सुटत नव्हता.

शेवटी बाईंनी ठरवलं, की त्या खेपेचा कुलपात राखून ठेवलेला डबा उघडायचा आणि दोघांनी रोजच्यासारखा चाखायचा. तो चांगला निघाला तर गोगलगाय घरी जाणार. खराब निघाला तर चूक चव-खोलीची.

आदल्या दिवशी काकांनी बारकीला बेसिनपाशी गाठलं.

"उद्या एकदाच वाजव."

"काका, तो डबा खराब असणार आहे."

"माहितीये मला." त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत माझी. गोगलगाय तरुण आहे, कुठेही चिकटेल. मी कुठे जाऊ? नाकाशिवाय मी आहे कोण, बारके? एकदाच. पुन्हा कधी काही मागणार नाही."

या माणसाने तिला उभं केलं होतं. तिचे वडील गेले तेव्हा पहिल्यांदा दारात आलेला माणूस हा. आणि तोच आता हात धुवायच्या बेसिनपाशी भिकाऱ्यासारखा उभा होता. बारकीला त्यांचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मॅनेजरबाई चव-खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दोन पेले आले. बारकीने घोट घेतला आणि तिला जिभेआधी नाकातच कळलं. जुनं तेल, ओला पुठ्ठा. शेंबड्या पोराला कळेल इतकं खवट. तिने तोंडातलं थुंकलं आणि चमचा हातात घेतला.

एकदा वाजवला तर गोगलगाय जाणार. दोनदा वाजवला तर काकांची चिठ्ठी खरी ठरणार, एकदा चुकलो म्हणून दोघांना समज मिळणार, आणि उद्यापासून पुन्हा दोन खुर्च्यांवर एकच नाक बसणार. पुन्हा कधीतरी तिला सर्दी होणार. पुन्हा कुणाची तरी तान्ही पोरं. दोन ठोके किती सोपे होते! तेवढ्याने गोगलगाय वाचला असता आणि काकाही वाचले असते. तिचा हात उचलला गेला होता. पण त्या अकरा पोरांना आजारी पाडलं होतं ते याच चमच्याने, आणि तो वाजवायची कल्पना तिचीच होती.

फळीपलीकडे काका वाट बघत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग अगदी हलकेच पलीकडून आवाज आला. टण. चार वर्षांत त्यांनी कधी चमचा वाजवला नव्हता. ते विचारत होते.

बारकीने चमचा पुसायच्या फडक्यावर ठेवला. त्याचा आवाज झाला नाही. डोळ्यांतलं पाणी पेल्यात पडू नये म्हणून तिने मान वळवली.

मग पलीकडे पेन्सिल चालू लागली. एका शब्दाला लागते त्याहून कितीतरी जास्त वेळ ती चालत राहिली. बारकीनेही लिहिलं. तिलाही वेळ लागला.

बाईंनी पेटी उघडली. आधी काकांची चिठ्ठी वाचली, मग बारकीची, मग पुन्हा काकांची, आणि मग दोन्ही मोठ्याने वाचल्या.

काकांच्या चिठ्ठीत होतं, "मला चार वर्षं वास येत नाही. आजही आला नाही. बारकीला यातलं काहीही माहीत नव्हतं. ती निर्दोष आहे."

बारकीच्या चिठ्ठीत होतं, "खराब. खवट आहे, त्या दिवशीही असणार. काकांना वास येत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. चमचा वाजवून त्यांना मीच सांगत होते."

चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चिठ्ठ्या जुळल्या नव्हत्या.

काका फळीमागून बाहेर आले. त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती नजर तिला मरेपर्यंत विसरता येणार नव्हती. मग ते भिंतीला धरून जिना उतरले.

गोगलगाय दुसऱ्याच दिवशी आत आला. काकांना आजारपणामुळे मुदतीआधी निवृत्ती मिळाली. बारकीला काढलं. बाई म्हणाल्या, "ते आजारी होते. तुम्ही काय होतात?"

पंधरा दिवसांनी तिने धीर करून काकांच्या घराची कडी वाजवली. दार काकूंनी उघडलं. आतून काहीतरी जळल्याचा वास आला. काकूंनी बोट ओठांवर ठेवून तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं.

"मला सगळं कळलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तो गोदामवाला येऊन गेला. हे बाहेर गेले होते. बिचारा आभार मानायला आला होता. अर्धा तास लावला त्याने सांगायला, पण सांगितलं सगळं."

"काका काय म्हणाले?"

"त्यांना मी विचारलंच नाही. त्यांनी मला सांगितलंय की वय झालं म्हणून घरी बसवलं." काकूंनी गॅसवरच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. त्यात सूप होतं. "दहा दिवस झाले, मी रोज मुद्दाम थोडं करपवतेय. अगदी तळाला लागू देते. रोज वाटतं, आज तरी म्हणतील, अगं, मला काही कळत नाही. आणि ते रोज चाटूनपुसून खातात आणि म्हणतात, छान झालंय." त्यांचा आवाज फाटला. "चार वर्षं मी विचारतेय गं, कसं झालंय, आणि चार वर्षं हे सांगतायत छान झालंय. तुला पहिल्या दिवशी सांगितलं. मी काय परकी होते?"

बारकीने त्यांचा हात धरला.

"तू बोलू नकोस हं मला माहीत आहे म्हणून. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

काका बाहेरच्या खोलीत टेबलापाशी बसले होते. दाढी वाढली होती. बारकीला बघून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, पण हसले नाहीत. काकू आत भांडी काढत होत्या. काका खाली वाकून कुजबुजले.

"ते चिठ्ठीत लिहायची काय गरज होती तुला?"

"खरं होतं ते, काका."

"चार वर्षं तू मला सांभाळलंस. एकदा, फक्त एकदा मला तुला सांभाळायचं होतं. माझं सगळं गेलं होतं, तेवढं एकच माझ्या हातात उरलं होतं. तेही तू होऊ दिलं नाहीस." त्यांनी आतल्या खोलीकडे एक नजर टाकली. "तू आज तिथे खुर्चीवर असायला हवी होतीस. मी इथे बसून तेवढंच म्हटलं असतं, बारकी आहे अजून."

त्या चिठ्ठीचा तिने पंधरा दिवस सगळ्या बाजूंनी विचार केला होता. ही बाजू तिच्या डोक्यातही आली नव्हती.

"आता एक कर," काका म्हणाले. "हिला काही कळलेलं नाही. तेवढं सांभाळ."

काकू तीन वाट्या घेऊन आल्या. वाट्या ठेवल्या, समोर बसल्या, आणि दोघांकडेही न बघता म्हणाल्या, "कसं झालंय?"

बारकीने चमचा तोंडात घातला. करपलेलं. दारातून कळत होतं इतकं. तिने समोर पाहिलं तर काकांचा चमचा अर्ध्या वाटेत थांबलेला. ते तिच्या हाताकडे बघत होते. सवयच ती, चार वर्षांची. तिने वाटीच्या काठावर एकदा वाजवलं असतं की झालं असतं. ते छान झालंय म्हणाले असते, काकूंनी मान डोलावली असती, उद्या पुन्हा पातेलं करपलं असतं, आणि या दोन माणसांनी एकमेकांसमोर बसून असंच जेवत म्हातारपण काढलं असतं.

"करपलंय, काकू," बारकी म्हणाली. "तळाला लागलंय."

काकांनी चमचा वाटीत ठेवला. दुसऱ्यांदा, तिला वाटलं. दुसऱ्यांदा मी यांचा विश्वास मोडला. वाटीतून वर येणाऱ्या वाफेवर त्यांनी तोंड नेलं आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. आणि डोळे मिटलेलेच ठेवून बायकोला म्हणाले, "मला कळत नाही गं. काहीच कळत नाही मला."

काकूंनी तोंडाला पदर लावला.

बारकी उठली. तिला कुणी थांब म्हणालं नाही. दारात चपला घालताना तिला मागून काकांचा आवाज ऐकू आला. ते रडत होते आणि रडतारडता काकूंना विचारत होते, "आणि तुझा? आता तुझा कसा वास येतो गं? मी विसरलोय."

तिने बाहेरून दार हळूच लोटून घेतलं. पुन्हा त्या घरी जायचं नाही, हे तिला जिना उतरताना कळून चुकलं.